शब्दशंका : ‘कस्टमरी’ला मराठीत काय म्हणावे?

‘कस्टम’ आणि ‘कस्टमरी’ या शब्दांविषयी गेल्या काही दिवसांत बरीच पत्रे आली. त्यांतील निवडक प्रश्न थोडे संक्षिप्त करून येथे घेतले आहेत.

प्रश्न : मी कार्यालयीन आणि न्यायालयीन कागदपत्रांचे मराठी भाषांतर करते. ‘कस्टमरी’ हे विशेषण कधी विवाहविधींना, कधी दलालीला, तर कधी स्वागताच्या भाषणाला लावलेले आढळते. कोशात ‘रूढ, प्रथागत, पारंपरिक, नेहमीचा’ असे पर्याय शेजारी शेजारी मांडलेले असतात. कुठे कोणता घ्यावा याला काही नियम आहे का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नियम आहे असे म्हणवत नाही, पण एक कसोटी आहे आणि ती बहुतेक ठिकाणी उपयोगी पडते. ज्या गोष्टीला ‘कस्टमरी’ म्हटले आहे ती झालीच नाही, तर कोण काय म्हणेल, हे आधी स्वतःला विचारावे. समारंभाच्या शेवटी कोणी आभार मानले नाहीत, तर श्रोते फार तर एकमेकांकडे पाहतील आणि चहाकडे वळतील. गावच्या जत्रेत पालखीचा पहिला खांदा ज्या घराण्याचा मानाचा आहे, त्याला डावलून पालखी उचलली गेली, तर मात्र प्रकरण गावकीत आणि प्रसंगी कोर्टातही जाईल. इंग्रजी भाषा या दोन्ही गोष्टींना ‘कस्टमरी’ म्हणते. पहिलीत नुसता प्रघात आहे, दुसरीत हक्क आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्याला या दोहोंपैकी एक बाजू निवडल्यावाचून पुढे जाता येत नाही. म्हणून पहिल्या अर्थी ‘नेहमीचा’, ‘रीतीप्रमाणे’, ‘प्रघाताप्रमाणे’ असे साधे शब्द घ्यावेत, आणि दुसऱ्या अर्थी ‘रूढ’, ‘रूढीने ठरलेला’, ‘मानाचा’, ‘वहिवाटीचा’ यांतला जो प्रसंगाला शोभेल तो घ्यावा.

आपल्या तीन उदाहरणांपुरते सांगायचे तर, भाषण रीतीप्रमाणे झाले असे लिहावे. विवाहविधी ‘रूढ विधी’ होत. आणि बाजारात सर्वांना ठाऊक असलेल्या दराने ठरलेल्या दलालीला तर मराठीत ‘दस्तुरी’ हा आयता शब्द आहे. फारसी ‘दस्तूर’ म्हणजे रिवाज, आणि रिवाजाने मिळणारी ती दस्तुरी. (‘दस्तुरखुद्द’ यातला दस्तूर हस्ताक्षराचा आहे, त्याची येथे गल्लत करू नये.) ‘मामूल’ हा असाच एक जुना शब्द. ‘मामूलप्रमाणे’ म्हणजे चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे; आज त्याचे ‘मामुली’ हे रूप क्षुल्लक या अर्थाला येऊन ठेपले आहे, आणि तेलुगू मुलखात तर ‘मामूल’ म्हणजे ठरलेली लाच. नेहमीच्या गोष्टीचे कधी क्षुल्लकात आणि कधी चिरीमिरीत रूपांतर होते, हे शब्दांनीच नोंदवून ठेवले आहे.

‘पारंपरिक’ या शब्दाबद्दल मात्र सावध राहावे, कारण भाषांतरांत सर्वाधिक घोळ तोच घालतो. पिढ्यानपिढ्या चालत आलेले ते पारंपरिक. आज सर्वसाधारणपणे पाळले जाते ते रूढ. नऊवारी लुगडे पारंपरिक आहे, पण शहरातल्या कार्यालयात ते रूढ नाही. उलट वाढदिवसाला केक कापणे आपल्याकडे तालुक्याच्या गावापर्यंत रूढ झाले आहे, पण त्याला पारंपरिक कोणी म्हणणार नाही. पुष्कळ गोष्टी दोन्ही असतात, म्हणून फरक लक्षात येत नाही, इतकेच.

कचेरीत वर्षानुवर्षे चालत आलेली पद्धत असेल तर ‘शिरस्ता’ लिहावे. शेताकडे जाणारी वाट वापराने हक्काची झाली असेल तर ती ‘वहिवाटीची वाट’ होय. ती कोणी अडवली तर १९०६च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाखाली सहा महिन्यांच्या आत तहसीलदाराकडे दाद मागता येते, आणि त्या अर्जात ‘पारंपरिक वाट’ असे लिहिलेले आम्ही तरी पाहिलेले नाही. ‘पायंडा’ हा शब्द येथे चालणार नाही, कारण पायंडा एका कृतीनेही पडतो, रूढीला काळ लागतो. राहता राहिला ‘प्रथागत’. तो चुकीचा नाही, पण कोरडा आहे. ‘प्रथागत आंतरराष्ट्रीय कायदा’ या पदात तो रुळला आहे, तेथे तो तसाच ठेवावा.

प्रश्न : मी विधी शाखेचा विद्यार्थी आहे. कायद्यात ‘कस्टम’ आणि ‘यूसेज’ हे शब्द नेहमी जोडीने येतात. दोहोंत फरक काय? आणि एखादी प्रथा कायद्याने ‘कस्टम’ ठरण्यासाठी ती किती जुनी असावी लागते? (एक वाचक, सातारा)

उत्तर : कायद्याच्या मराठीत ही जोडी ‘रूढी’ आणि ‘परिपाठ’ अशी येते. काटेकोरपणे पाहता परिपाठ म्हणजे लोक तसे वागत आले आहेत ही वस्तुस्थिती, आणि त्या वागण्याला कायद्याचे बळ आले की ती रूढी. मात्र १९५५च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम ३(क)मध्ये दोन्ही शब्दांची एकच व्याख्या दिली आहे, त्यामुळे त्या कायद्यापुरता हा भेद करून काही साधत नाही. त्या व्याख्येचा आशय असा : जो नियम दीर्घकाळ, अखंडपणे आणि एकसारखा पाळला गेल्यामुळे एखाद्या प्रदेशातील, जमातीतील, समाजातील, गटातील किंवा कुटुंबातील हिंदूंमध्ये कायद्याइतका प्रभावी झाला आहे, तो म्हणजे रूढी किंवा परिपाठ; परंतु तो नियम निश्चित असला पाहिजे, गैरवाजवी किंवा सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असता कामा नये, आणि केवळ एका कुटुंबापुरता असेल तर त्या कुटुंबाने तो मध्येच सोडलेला नसावा.

वर्षांचा आकडा या व्याख्येत नाही, आणि आपला दुसरा प्रश्न नेमका तेथेच आहे. १९६५ साली महाराष्ट्रातून सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्याने त्याचे निदान एका टोकाचे उत्तर दिले. पहिली पत्नी हयात असताना एका गृहस्थाने १९६२ मध्ये दुसरे लग्न ‘गांधर्व’ पद्धतीने केले आणि त्याच्यावर द्विभार्याप्रतिबंधक कलमाखाली खटला झाला. होम आणि सप्तपदी झालेली नव्हती. आपल्या समाजात गेल्या पाच-सात वर्षांत हे दोन्ही विधी गाळून लग्ने लावण्याची रूढी पडली आहे, असे साक्षीत आले. न्यायालयाने म्हटले की, पाच-सात वर्षांचे वागणे हे ‘दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखे’ या शब्दांत बसत नाही. रूढी सिद्ध झाली नाही, म्हणून दुसरे लग्न कायद्याच्या दृष्टीने लागलेच नाही. आणि लग्नच लागले नाही म्हणून आरोपी निर्दोष सुटला. विधी अपुरे ठेवणाऱ्यालाच अपुऱ्या विधींचा फायदा मिळाला, आणि जिच्याशी ते लग्न लागले होते ती स्त्री पत्नी ठरली नाही. व्याख्येतल्या एका क्रियाविशेषणाचे वजन किती असते, हे पाहायचे असेल तर हा निकाल मुळातून वाचावा.

रूढी आहे असे जो म्हणतो त्यानेच ती सिद्ध करायची असते. नुसते ‘आमच्यात असेच चालते’ म्हणून भागत नाही. कोणकोणाच्या घरी, केव्हा तसे झाले याची उदाहरणे द्यावी लागतात, जाणत्या माणसांच्या साक्षी काढाव्या लागतात, पूर्वीचे निवाडे दाखवावे लागतात. पण एकदा ती सिद्ध झाली की तिचे बळ मोठे. मदुरेच्या कलेक्टरच्या १८६८च्या प्रसिद्ध प्रकरणात प्रिव्ही कौन्सिलने (ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायालयाने) हिंदू कायद्यात परिपाठाचा स्पष्ट पुरावा ग्रंथवचनाला मागे सारतो, अशा आशयाचे मत दिले. ‘शास्त्राद् रूढिर्बलीयसी’ हे वचन आपल्याकडे आजीबाईही म्हणत असत, त्यामुळे प्रिव्ही कौन्सिलने फार नवे काही सांगितले असे नाही.

आज मात्र हा क्रम बदलला आहे. १९५५च्या अधिनियमाने जुन्या रूढी सरसकट बाजूला सारल्या आणि जेथे स्पष्ट सवलत दिली तेवढ्याच जिवंत ठेवल्या. मामाच्या मुलीशी लग्न हे महाराष्ट्रातले सर्वांत ओळखीचे उदाहरण. बहीण-भावाची मुले त्या कायद्याच्या दृष्टीने निषिद्ध नात्यात येतात. पण दोन्ही पक्षांना लागू असलेली रूढी किंवा परिपाठ अशा विवाहाला मुभा देत असेल, तर तो विवाह वैध ठरतो. ‘दोन्ही पक्षांना’ हे शब्द अधोरेखित करून ठेवावेत. एकाच्या समाजात चालते आणि दुसऱ्याच्या समाजात चालत नाही, अशी स्थिती असेल तर सवलत मिळत नाही.

कलम २९(२)ने रूढीप्रमाणे मिळणारा घटस्फोटही राखून ठेवला आहे. त्यासाठी मराठीत ‘काडीमोड’, ‘फारकत’, ‘सोडचिठ्ठी’ असे एकापेक्षा एक सरस शब्द आहेत. काडीमोडीत पंचांसमक्ष खरोखरच काडी मोडली जात असे. म्हणून ‘कस्टमरी डिव्होर्स’ला ‘रूढीप्राप्त घटस्फोट’ असे लिहिण्यास हरकत नाही, पण कंसात काडीमोड लिहिले तर पक्षकाराला आपल्याविषयीच बोलणे चालले आहे हे कळते. येथे एक व्यावहारिक सूचना केल्यावाचून राहवत नाही. दोघांनी स्टॅम्पपेपरवर सोडचिठ्ठी लिहून नोटरीचा शिक्का घेतला म्हणजे घटस्फोट झाला, अशी समजूत अजून पुष्कळ ठिकाणी आहे. त्या समाजात अशा फारकतीची रूढी आहे हे स्वतंत्रपणे मांडून सिद्ध करता आले नाही, तर त्या कागदाने विवाह सुटत नाही, आणि त्या भरवशावर दुसरे लग्न करणारा अडचणीत येतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये असा घटस्फोट हा सर्वसाधारण कायद्याला अपवाद असल्याने तो नेमकेपणाने मांडलाच पाहिजे, असे म्हटले आहे.

प्रश्न : वनहक्कांच्या कागदांत ‘कस्टमरी’ आणि ‘ट्रॅडिशनल’ या दोन्ही शब्दांना ‘पारंपरिक’ असेच लिहितात. ग्रामसभेत ते वाचताना घोटाळा होतो. आपले मत काय? (एक वाचक, गडचिरोली)

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. २००६च्या वनहक्क कायद्याच्या नावातच ‘इतर पारंपरिक वननिवासी’ हे शब्द आहेत आणि तेथे ‘पारंपरिक’ हा ‘ट्रॅडिशनल’चा प्रतिशब्द आहे, त्याला कायद्याने स्वतःचा असा अर्थही दिला आहे, तो म्हणजे १३ डिसेंबर २००५ पूर्वी किमान तीन पिढ्या, पिढी २५ वर्षांची धरून, वनात राहणारे आणि उपजीविकेसाठी वनावर अवलंबून असणारे. तेव्हा तो शब्द तेथे अडकला. त्याच कायद्यात सामूहिक वनसंपत्तीची व्याख्या करताना गावाच्या ‘ट्रॅडिशनल किंवा कस्टमरी’ सीमा असा उल्लेख आहे. दोन्हींना ‘पारंपरिक’ म्हटले तर वाक्य ‘पारंपरिक किंवा पारंपरिक’ असे होते, आणि ते टाळण्यासाठी भाषांतरकार एक शब्द गाळून टाकतो. गाळलेला शब्द नेमका ग्रामसभेच्या कामाचा असतो.

सीमेच्या बाबतीत तर फरक अगदी डोळ्यांसमोर दाखवता येतो. आजोबांच्या काळी गावाची शीव अमुक नाल्यापर्यंत होती हे सांगणे म्हणजे पारंपरिक सीमा. आज कोणत्या गावची गुरे कोठवर चरतात, मोहफुले कोण कोठून वेचतो, बांबू कोणत्या बाजूचा कोणी तोडायचा हे शेजारच्या गावांनी आपसांत पाळलेले असते, ती रूढ सीमा. दोन्ही रेषा बहुधा एकच असतात. नसतात तेव्हा भांडण होते. म्हणून ‘पारंपरिक किंवा रूढ शीव’ असे लिहावे असे आम्ही सुचवतो.

हक्कांसाठी विदर्भात ‘निस्तार’ हा शब्द आहेच आणि तो मूळ कायद्यातही ‘निस्तार’ म्हणूनच आला आहे. सरपण, कुडाकाठी, चराई, पाणवठा असे रोजच्या निर्वाहाचे हक्क त्यात येतात. निस्तारपत्रक (निस्तार हक्कांची नोंद) आणि वाजिब-उल-अर्ज (गावच्या रूढींची नोंद) ही दफ्तरे जुनी आहेत. दाव्यासोबत पुरावा जोडताना ती पाहावीत, कारण ‘आम्ही वापरत आलो’ हे म्हणणे तेथे सरकारी हाताने लिहिलेले सापडू शकते. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, तोही अशाच वापराची मान्यता होती. कोणी नवे दिले असे नव्हे. ‘हक्क देणे’ आणि ‘हक्क मान्य करणे’ यांतला फरक कायद्याच्या नावातल्या ‘वनहक्कांची मान्यता’ या शब्दांत जपला आहे. ‘रूढ’ ऐवजी भलता शब्द पडला की तो पुसट होतो.

प्रश्न : पोर्तुगीज कागदांत ‘कोस्तुमे’ हा शब्द वारंवार येतो. तो आणि इंग्रजी ‘कस्टम’ एकच का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : मूळ एकच, लॅटिन. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत ‘कस्टम’ झाला. वेशभूषेला आपण ‘कॉस्च्यूम’ म्हणतो तोही याच घराण्यातला. गोव्याच्या संदर्भात या शब्दाला फार जुना दाखला आहे. १५२६ साली अफोन्सू मेशिया या पोर्तुगीज अधिकाऱ्याने गावकारीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या कारभाराच्या, रूढी लिहून काढल्या. तो दस्तऐवज ‘फोराल’ म्हणून ओळखला जातो. गावकारांचे हक्क, जमिनीची वाटणी, सरकारला द्यायचा वसूल हे सारे त्यात आले. पुढे १८८० मध्ये गोव्यातील हिंदूंच्या चालीरीतींची संहिता हुकूमनाम्याने लागू झाली, तिच्याही नावात हाच शब्द आहे. अशा लेखनाने रूढीला आधार मिळतो खरा, पण ज्या दिवशी ती लिहिली त्या दिवशीची ती होऊन बसते, आणि पुढे लोक बदलले तरी कागद बदलत नाही. भाषांतरात ‘चालीरीती’ हा शब्द उत्तम. ‘कोस्तुमे’ तसाच ठेवण्याचे कारण नाही.

प्रश्न : विमानतळावरचे ‘कस्टम’, दुकानातला ‘कस्टमर’ आणि ‘कस्टमाइज्ड’ मोबाईल कव्हर यांचा रूढीशी काय संबंध? (एक वाचक, मुंबई)

उत्तर : संबंध आहे, पण प्रत्येकाने वेगळे वळण घेतले आहे. राजाला रिवाजाने द्यायचे देणे तेही ‘कस्टम’च. इंग्लंडमध्ये १२७५ साली निर्यात होणाऱ्या लोकर आणि चामड्यावर राजाला कर मिळू लागला आणि पुढे त्याला ‘प्राचीन कस्टम’ म्हणू लागले. तेव्हापासून सीमेवरच्या कराला हे नाव चिकटले. आपल्याकडे कायद्याच्या नावात ‘सीमाशुल्क’ आहे (सीमाशुल्क अधिनियम, १९६२), बोलण्यात ‘कस्टम’ आहे, आणि दोन्ही चालू द्यावेत. ‘जकात’ मात्र येथे वापरू नये. आपल्या कानाला ती शहराच्या नाक्यावरची वाटते, जी मुंबईत १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आल्यावर संपली.

‘कस्टमर’ म्हणजे नेहमी येणारे गिऱ्हाईक. एका काळी करवसुली करणाऱ्या अधिकाऱ्यालाही इंग्रजीत हेच नाव होते. आणि त्या गिऱ्हाइकाच्या मापाने केलेली वस्तू ती ‘कस्टम-मेड’. येथे अर्थ अगदी उलटा फिरला आहे, कारण सर्वांसाठी रूढ असलेले माप सोडून एकट्यासाठी केलेले, असा त्याचा आशय आहे. ‘कस्टमरी’ आणि ‘कस्टम-मेड’ एकाच वाक्यात आले की नवखा भाषांतरकार हमखास फसतो. कपड्याला ‘मापाने शिवलेला’, लाकूडकामाला ‘ऑर्डरीप्रमाणे केलेले’ असे लिहावे. मोबाईलच्या कव्हराला ‘कस्टमाइज्ड’च राहू द्यावे, त्यासाठी संस्कृत शब्द घडवण्यात वेळ घालवण्यासारखे काही नाही.

प्रश्न : येथे मुलांच्या शाळेत ‘कस्टमरी युनिट्स’ शिकवतात. घरी मराठीत समजावताना काय म्हणावे? (एक वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : ‘रूढ मापे’ म्हणावे. इंच, फूट, पौंड, गॅलन ही अमेरिकेत व्यवहारात चालू असलेली मापे त्या नावाने ओळखली जातात. त्यांना ‘ब्रिटिश मापे’ म्हणू नये. ब्रिटनने १८२४ मध्ये आपली मापे नव्याने ठरवली, अमेरिकेने जुनीच ठेवली, म्हणून अमेरिकी गॅलन ३.७८५ लिटरचा आणि ब्रिटिश गॅलन ४.५४६ लिटरचा आहे.

मुलांना आपल्याकडचे उदाहरण द्यायचे असेल तर जमिनीचे द्यावे. दशमान मापांचा कायदा १९५६ सालचा. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये असते. तरीही गावी जमिनीचा सौदा गुंठ्यात होतो आणि चाळीस गुंठ्यांचा एकर होतो. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, आर म्हणजे १०० चौरस मीटर, म्हणजे सुमारे १,०७६ चौरस फूट. दोन्ही इतके जवळ आहेत की पुष्कळ लोक सातबाऱ्यावरचा आर वाचून खुशाल गुंठा म्हणतात. सोन्याच्या बाबतीत याहून गंमत आहे. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, पण आज सराफाच्या दुकानात तोळा म्हटले की बहुतेक जण १० ग्रॅम समजतात. नाव रूढ राहिले आणि माप दशमान झाले. त्यामुळे आजीच्या पाटल्या किती तोळ्यांच्या, असे मुलांनी विचारले तर आधी त्या केव्हा घडवल्या हे पाहून मग गुणाकार करावा.